बॅनर कुणाचा हे नंतर, खांब कुणाचा ते आधी

तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने रक्तदान शिबिराचा बॅनर लावला होता. ठाण्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्यावरच्या दिव्याच्या दोन खांबांना सुतळीने आवळून. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर खांबांवर सुतळीची टोकं तेवढी लोंबत होती. रात्री महापालिकेची गाडी येऊन बॅनर घेऊन गेली होती. आम्ही चौघे तावातावाने कार्यालयात गेलो. चांगल्या कामाचा बॅनर उचलला आणि चौकातली भाऊंच्या वाढदिवसाची कमान तशीच उभी, हा कुठला न्याय? टेबलापलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "कमानीची लेखी तक्रार द्या, तीही काढू. पण तुमची परवानगी दाखवा आधी."

परवानगी नव्हतीच. ती घ्यावी लागते हेच आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवसापासून या विषयाचा नाद लागला. पुढे जे लिहिलं आहे ते अर्ज करून, पोच घेऊन, काही वेळा हात हलवत परत येऊन जमवलेलं आहे. अर्धा भाग तक्रार करणाऱ्यांसाठी आहे आणि उरलेला स्वतः फलक लावणाऱ्यांसाठी. आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी दोन्ही असतात.

कायदा, लागतो तेवढाच

तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरतं.

पहिली, महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध अधिनियम, १९९५. लोकांच्या नजरेस पडणारी जागा विद्रूप केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट नोंदवू शकतात. 'लोकांच्या नजरेस पडणारी जागा' यात सार्वजनिक ठिकाणाहून दिसणारी खाजगी भिंत, कुंपण, खांब, झाड हे सगळं येतं. म्हणजे तुमच्या सोसायटीची बाहेरची भिंतसुद्धा. आणि या कायद्यातली सगळ्यात कामाची गोष्ट अशी की ज्याच्या फायद्यासाठी पोस्टर लागलं तोही दोषी धरला जातो. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपली संमती नव्हती, हे त्याला सिद्ध करावं लागतं. "लावणारा पोऱ्या कोण होता कुणास ठाऊक" एवढं म्हणून पोस्टर लावून घेणाऱ्या क्लासवाल्याची सुटका होत नाही.

दुसरी, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातली कलमं २४४ आणि २४५. आकाशचिन्ह (म्हणजे इमारतीवर किंवा उंच सांगाड्यावर आभाळात उठून दिसणारा फलक) असो की जाहिरात, आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय लावता येत नाही. याच कायद्याखाली २०२२ मध्ये जाहिरात फलकांचे नवे नियम आले आणि होर्डिंगची कमाल मर्यादा ४० फूट बाय २० फूट अशी ठरली.

तिसरी, मुंबई उच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०१७ चा निकाल. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर तो आला. बेकायदा फलक काढा, तक्रारीसाठी यंत्रणा उभारा, गुन्हे नोंदवा, असे आदेश त्यात राज्यातल्या महापालिकांना दिले आहेत. तक्रारीत या निकालाचा एका ओळीत उल्लेख केला की समोरच्याच्या वाचण्यात फरक पडतो, हा माझा अनुभव.

खांब कुणाचा ते आधी शोधा

तक्रार करणारे बहुतेक जण इथेच चुकतात. बॅनरवरचा चेहरा पाहून चिडतात, त्याचं नाव लिहून अर्ज देतात, आणि महिनाभराने "सदर जागा आमच्या अखत्यारीत नाही" असं उत्तर हातात पडतं. म्हणून चेहरा बाजूला ठेवा. बॅनर कशाला बांधला आहे, कशावर चिकटवला आहे, ते आधी पाहा.

ठाण्यात रस्त्यावरच्या दिव्याचा खांब, फुटपाथचं रेलिंग, दुभाजक, उद्यानाचं कुंपण, बहुतेक चौक हे महापालिकेचं. महापालिकेच्या नऊ प्रभाग समित्या आहेत: नौपाडा-कोपरी, उथळसर, वागळे इस्टेट, लोकमान्य-सावरकरनगर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा आणि दिवा. अर्ज आपल्या प्रभाग समितीच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावे द्यायचा. पाचपाखाडीच्या मुख्यालयात दिला तरी तो फिरून तिथेच येतो, फक्त आठवडा जातो.

विजेचा खांब किंवा रस्त्याकडेची डीपी असेल तर महावितरण. कळवा, मुंब्रा, शीळ भागात २०२० पासून वीजवितरण टोरंट पॉवरकडे आहे, तेव्हा तिथली तक्रार त्यांच्याकडे. घोडबंदर रोडवर मेट्रो ४ च्या खांबांवर 'पॅकर्स अँड मूव्हर्स' आणि 'घरबसल्या कमवा' यांची रांग लागलेली असते. ते खांब एमएमआरडीएचे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. स्टेशनच्या हद्दीतलं सगळं रेल्वेचं.

नवी मुंबईत जरा जपून. शहर एकसंध दिसतं, पण मालक अनेक आहेत. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी, नेरूळ आणि बेलापूर ही नवी मुंबई महापालिकेची आठ विभाग कार्यालयं. खारघर, कामोठे, कळंबोली किंवा तळोज्यात राहणाऱ्यांनी बेलापूरला खेटे घालू नयेत. ते भाग २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत. उलवे आणि द्रोणागिरी सिडकोकडे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक भागात एमआयडीसीची, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची जमीन आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रोचे खांब सिडकोचे. नवी मुंबईतल्या रेल्वे स्थानकांच्या इमारती सिडकोने बांधल्या आहेत, त्यामुळे वरच्या व्यापारी संकुलातला फलक आणि खाली फलाटावरचा फलक यांचे धनी वेगळे निघू शकतात.

हे सगळं वाचून डोकं गरगरलं असेल तर सोपी युक्ती सांगतो. ज्याचा खांब त्याला मूळ अर्ज, आणि प्रत महापालिकेला. जाहिरातीच्या परवानगीचा प्रश्न शहराच्या हद्दीत महापालिकेशी निगडित असतोच. दोघांच्याही पोचा हातात असल्या की एकमेकांकडे बोट दाखवणं जरा कमी होतं.

फलक खरंच विनापरवाना आहे का?

दिसला फलक की बेकायदा, असं नसतं. परवानगी घेतलेल्या तात्पुरत्या फलकावर परवानगीचा क्रमांक, मुदत आणि घेणाऱ्याचं नाव छापलेलं असायला हवं. जवळ जाऊन खालचा कोपरा वाचा. क्रमांक नसेल तर पुढची पायरी. क्रमांक असेल तर मुदत पाहा. संक्रांतीचा तिळगूळ होळीपर्यंत लोंबकळताना आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. क्रमांक आहे, मुदतही आहे, पण शंका वाटते, तर तक्रार न करता माहिती मागवा. त्याबद्दल पुढे येतंच.

मोठ्या होर्डिंगचं माप खालून कसं कळणार, असं मला बरेच जण विचारतात. आपल्या टीएमटीची, म्हणजे ठाणे परिवहनची, नेहमीची मोठी बस साधारण १२ मीटर, म्हणजे जवळपास ४० फूट लांब असते. इमारतीचा एक मजला अदमासे दहा फूट. तेव्हा फलक एका बसच्या लांबीपेक्षा आणि दोन मजल्यांच्या उंचीपेक्षा मोठा दिसला, तर ४० बाय २० च्या मर्यादेबद्दल विचारायला जागा आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात वादळी वाऱ्याने पेट्रोल पंपावर कोसळलं ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. १७ माणसं गेली. गुणाकार करून पाहा, १४,४०० चौरस फूट म्हणजे ८०० चौरस फुटांच्या अठरा पट. एवढा पत्रा आणि लोखंड उभं राहिलेलं रोज हजारो लोकांना दिसत होतं.

फोटो कसे काढावेत

तीन फोटो पुरतात. एक लांबून, ज्यात आजूबाजूची ओळखीची खूण येईल: दुकान, बसथांबा, सिग्नल. एक जवळून, ज्यात मजकूर, शुभेच्छुकांची नावं, फोन नंबर आणि छपाई करणाऱ्याचं नाव असेल तर ते वाचता येईल. तिसरा खांबाचा. दिव्याच्या बहुतेक खांबांवर रंगाने क्रमांक लिहिलेला असतो. तो अर्जात घातला की "जागा सापडली नाही" हे उत्तर बाद होतं. फोनमध्ये ठिकाण आणि वेळ फोटोवर उमटवणारं ॲप टाकून घ्या, फुकट मिळतात.

फोटो काढताना फलक लावणाऱ्यांशी हुज्जत घालू नका. आणि फलक स्वतः फाडू नका. हे मी कळकळीने सांगतो. एक तर सुतळीच्या जागी तार असते आणि ती दिव्याच्या खांबाला गुंडाळलेली असते, पावसाळ्यात तिच्यात वीज उतरलेली असू शकते. दुसरं असं की बहुतेक बॅनरवर कोपऱ्यात एखादा महापुरुष किंवा देव बसवलेला असतो. तो का बसवलेला असतो हे वेगळं सांगायला नको. तुम्ही फाडलात की विषय परवानगीचा राहत नाही, भावनांचा होतो. अर्जातही म्हणूनच चित्रांबद्दल, पक्षाबद्दल, व्यक्तीबद्दल चकार शब्द नको. परवानगी, माप, जागा आणि धोका, एवढंच लिहायचं.

धोका असेल तर मात्र अर्जाची वाट पाहू नका. सांगाडा वाकलाय, नटबोल्ट गंजून सुटलेत, फ्लेक्स फाटून वाहनांवर येतोय, कमानीमुळे सिग्नल दिसत नाही, तर महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला फोन करा. तो कक्ष चोवीस तास चालू असतो. अगदीच जिवावरचं असेल तर ११२. फोन केल्यावर तक्रार क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा.

अर्ज

ऑनलाइन तक्रार सोपी आहे, ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांची ती सोय आहे, आणि राज्य सरकारचं 'आपले सरकार' संकेतस्थळही आहे. एकट्यादुकट्या बॅनरसाठी तेवढं पुरतं. पण एखाद्या जागी वारंवार फलक लागत असतील तर कागदी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. शिक्का नसलेली पोच म्हणजे पोच नव्हे.

इथे मला कळायला दीड वर्ष लागलं अशी गोष्ट सांगतो. वाढदिवसाच्या बॅनरचं आयुष्य चार दिवसांचं असतं आणि अर्जाचं महिन्याचं. तुम्ही बॅनरमागे धावलात तर कायम मागेच राहाल. अर्ज फिरून येईपर्यंत भाऊंनी स्वतःच तो उतरवलेला असतो आणि शेऱ्यात "पाहणी केली असता फलक आढळून आला नाही" असं येतं. तांत्रिकदृष्ट्या खरंच असतं ते. म्हणून बॅनरची तक्रार करू नका, जागेची करा. दोन महिने त्या चौकाचे फोटो जमवा, तारखेवार यादी करा, आणि नुसतं 'फलक काढा' न म्हणता 'गुन्हा नोंदवा' अशी मागणी करा. फलक निघाला तरी गुन्ह्याची मागणी शिल्लक राहते.

आमचा अर्ज साधारण असा होता. हवा तसा बदलून घ्या:

*प्रति, मा. सहाय्यक आयुक्त, ……… प्रभाग समिती, ठाणे महानगरपालिका.*

*विषय: ……… चौकातील विनापरवाना फलक काढून संबंधितांवर गुन्हा नोंदवण्याबाबत.*

*महोदय,*
*……… चौकात, दिव्याच्या खांब क्र. ……… ते ……… यांवर व फुटपाथच्या रेलिंगवर सोबत जोडलेल्या यादीतील फलक त्या त्या तारखांना लावलेले आढळले. यांपैकी एकाही फलकावर परवानगी क्रमांक व मुदत नमूद नव्हती. फलकांमुळे पादचाऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागते व वळणावरील वाहने दिसत नाहीत.*
*तरी (१) आज अस्तित्वात असलेले फलक त्वरित काढावेत, (२) महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध अधिनियम, १९९५ अन्वये संबंधितांविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार दाखल करावी, (३) केलेली कारवाई आम्हांस लेखी कळवावी, ही विनंती. मा. उच्च न्यायालयाच्या दि. ३१ जानेवारी २०१७ च्या आदेशाकडे लक्ष वेधत आहोत.*
*सोबत: छायाचित्रे व तारखेवार यादी.*

खाली एकट्याची सही नको. सोसायटीच्या लेटरहेडवर, सचिवांच्या सहीने द्या. आसपासच्या दोन-तीन सोसायट्या बरोबर आल्या तर फारच छान. कुणा एकावर रोख येत नाही. अर्जाची प्रत स्थानिक पोलीस ठाण्याला आणि वाहतूक पोलिसांच्या शाखेला द्या. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत हे पत्ता लिहिताना विसरू नका.

उत्तर आलं नाही तर

तीन आठवडे थांबा, मग स्मरणपत्र द्या. पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक त्यात ठळक लिहा. त्यानंतर लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्याचा दिवस आहे. महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज पंधरा दिवस आधी ठरावीक नमुन्यात द्यावा लागतो, आयत्या वेळी जाऊन चालत नाही. तिथे वरिष्ठ अधिकारी समोर असतात आणि खात्यांना तोंडी उत्तर द्यावं लागतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो माहिती अधिकाराचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत अर्ज. तीस दिवसांत उत्तर बंधनकारक. 'बेकायदा फलकांवर कारवाई का करत नाही?' असा प्रश्न विचारलात तर स्टँप वाया गेला समजा, कारण या कायद्याखाली कागद मागता येतो, खुलासा नाही. विचारायचं ते असं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत या चौकात तात्पुरत्या फलकांसाठी दिलेल्या परवानग्यांची यादी, क्रमांक, मुदत आणि भरलेलं शुल्क. याच काळात काढलेल्या फलकांच्या नोंदवहीची प्रत. पोलीस ठाण्याकडे पाठवलेल्या तक्रारींच्या प्रती. मोठ्या होर्डिंगबाबत असेल तर परवाना, मंजूर माप आणि संरचना स्थैर्य प्रमाणपत्राची प्रत.

या उत्तराची तुमच्या फोटोंच्या यादीशी जुळणी करा. आमच्या चौकात दोन महिन्यांत आम्ही एकतीस फलक मोजले होते. परवानग्यांच्या यादीत चार होते. ती दोन पानं शेजारी ठेवून दिलेल्या अर्जाला उत्तर नऊ दिवसांत आलं. त्याआधीच्या तीन अर्जांना एकही नव्हतं.

तीस दिवसांत माहिती मिळाली नाही किंवा अर्धवट मिळाली तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे, वीस रुपयांचा स्टँप लावून. तिथेही काही झालं नाही तर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. तिथे वेळ लागतो. पण पहिल्या अपिलाच्या सुनावणीची नोटीस निघाली की बरेचदा कागद आपोआप सापडतात.

झाडावरचे खिळे

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये 'झाड तोडणे' या शब्दांच्या व्याख्येतच झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं धरलं आहे. तेव्हा झाडाला खिळा ठोकून लावलेल्या पाटीची तक्रार वृक्ष प्राधिकरणाकडेही करा. महापालिकेतच ते असतं. खिळा उपटायला पक्कड घेऊन जाणारे उत्साही लोक मला माहीत आहेत, मीही गेलो आहे. उपटा, पण फोटो आधी.

सोसायटीच्या भिंतीवरची पोस्टरं

इथे जागेचे मालक तुम्हीच, त्यामुळे काढायला कुणाची परवानगी नको. गेल्या दिवाळीआधी आम्ही भिंतीला रंग दिला आणि चौथ्या दिवशी एका क्लासची सतरा पोस्टरं लागली. मी त्यावरच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "काका, आम्ही फक्त चिकटवणाऱ्याला पैसे देतो, तो कुठे लावतो ते आम्हाला कसं कळणार?" मी त्याला १९९५ च्या कायद्यातला फायदा घेणाऱ्याबद्दलचा भाग आणि भिंतीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, आणि उद्या संध्याकाळपर्यंत भिंत साफ झाली नाही तर पोलीस ठाण्यात अर्ज देतो असं कळवलं. दुसऱ्या दिवशी दोन पोरं पत्रा घेऊन आली आणि पोस्टराबरोबर आमचा नवा रंगही खरवडून गेली.

तेव्हा हेही लिहून ठेवतो: पोस्टर कोरडं खरवडायचं नाही. बहुतेक पोस्टरं खळीने चिकटवलेली असतात. कोमट पाण्यात थोडं साबणचूर्ण घालून स्पंजने भिजवा, वीस मिनिटं थांबा, वरच्या कोपऱ्यापासून सोला. स्टिकर असेल तर खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवा.

पोस्टरवाल्याने दाद दिली नाही तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. गुन्हा दखलपात्र आहे हे नम्रपणे सांगा. टाळाटाळ झाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) खाली तीच तक्रार पोलीस उपायुक्तांकडे लेखी पाठवता येते.

निवडणुकीच्या दिवसांत

आचारसंहिता लागली की काम पटापट होतं. लोकसभा आणि विधानसभेच्या वेळी निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे सरकारी इमारतींवरचा राजकीय मजकूर २४ तासांत, रस्ते, खांब, बसथांबे अशा सार्वजनिक जागांवरचा ४८ तासांत, आणि खाजगी मालमत्तेवरचा विनापरवाना मजकूर ७२ तासांत काढायचा असतो. त्या काळात निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाकला की शंभर मिनिटांत दखल घेण्याची पद्धत आहे. या निवडणुकांच्या प्रचारपत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक व प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार सक्तीचं आहे. नसेल तर ती स्वतंत्र तक्रार होते. महापालिका निवडणुकीचा कारभार मात्र राज्य निवडणूक आयोगाकडे, त्यामुळे तेव्हाची तक्रार विभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे.

आता तुम्हालाच फलक लावायचा असेल तर

हळदीकुंकू, शिबिर, दुकानाचं उद्घाटन, मंडळाचा उत्सव. कार्यक्रमाच्या किमान दोन आठवडे आधी प्रभाग समितीत, नवी मुंबईत असाल तर विभाग कार्यालयात जा. अर्जासोबत फलकाचं माप, मजकुराचा नमुना, नेमकी जागा दाखवणारा साधा नकाशा किंवा फोटो, आणि किती दिवस लावणार ते द्यायचं. रस्त्यालगत असेल तर वाहतूक पोलिसांचं ना-हरकत पत्र मागतात, खाजगी जागा असेल तर मालकाचं. शुल्क माप आणि दिवसांवर ठरतं, त्याची पावती जपा. परवानगी हातात आल्यावरच छापायला द्या. आमच्यासारखे उत्साही लोक आधी छापून घेतात आणि मग क्रमांकासाठी कोपऱ्यात जागाच उरत नाही. मुदत संपली की स्वतः उतरवा.

रस्त्यावर मंडप घालणार असाल तर त्याची परवानगी वेगळी. ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रस्ते अडवणाऱ्या मंडपांबद्दल आणि ध्वनिप्रदूषणाबद्दल दिलेल्या निकालानंतर यात सूट मिळण्याची आशा धरू नये.

दुकानाच्या पाटीबद्दल वेगळा नियम आहे. नाव मराठीत, देवनागरीत हवं आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत.

गच्चीवर होर्डिंग लावायला एजन्सी विचारते तेव्हा सोसायटीच्या कमिटीचे डोळे लकाकतात. देखभाल खर्च निघतो, हे खरं. पण सर्वसाधारण सभेचा ठराव, महापालिकेचा आकाशचिन्ह परवाना, नोंदणीकृत संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र, आणि एजन्सीच्या खर्चाने विमा, यातलं एकही कमी असेल तर सही करू नका. करारात 'परवान्याचं नूतनीकरण झालं नाही तर एजन्सी पंधरा दिवसांत सांगाडा उतरवेल' अशी ओळ घालून घ्या. जुनी इमारत असेल तर माझं मत विचाराल तर नकोच. कोसळलं तर एजन्सीचा फोन लागत नाही, आणि पत्ता मात्र आपल्या इमारतीचा असतो.

यंदा आमच्या रक्तदान शिबिराच्या बॅनरला रीतसर परवानगी मिळाली. छापणाऱ्याने क्रमांक इतका बारीक छापला की गस्तीच्या गाडीला तो दिसणारच नाही अशी धास्ती सगळ्यांना वाटली. शेवटी सचिवांनी शिडीवर चढून जाड काळ्या मार्करने तो पुन्हा मोठ्ठा लिहिला, खाली तारीख घातली, आणि शिबिर संपलं त्या संध्याकाळी चहा व्हायच्या आत बॅनर उतरवला. आता तो जिन्याखालच्या सायकलींवर पावसाळी झाकण म्हणून पसरलेला आहे.